रंभाबाईच्या बोटाची कडी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे हो! दाराची म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मागं एक गिऱ्हाईक दुकानात आलं, मला खिळ्यावर लटकलेली बघितलं आणि म्हणतं कसं, "मिस्त्री, ही कडी आमच्या कपाटाला चालंल का?" कपाटाला! अहो, मी रायफलीची कडी आहे. रायफलीच्या पोटाखाली पोलादाचा एक लांबट भाग बसवलेला असतो. पुढं काडतुसांची पेटी, तिला साहेब लोक मॅगझीन म्हणतात, आणि मागं चापाभोवतीचं गोल कडं. कशाला तरी अटकून चाप ओढला जाऊ नये म्हणून ते असतं. पेटी आणि कडं मिळून मी एकच. लोक मला नुसती कडी म्हणतात, आणि माझीही त्याला ना नाही.

सध्या मुक्काम सोलापुरात, भवानी पेठेत, मल्लप्पा कंबारांच्या दुकानात. शेजारी करवतीची जुनी पाती, एक फुटका कंदील आणि कुणाची तरी बिनकुत्र्याची साखळी. सोबत काही वाईट नाही, पण माझा जीव इथं नाही. तो तिकडं माळशिरसाकडं, एका बाईच्या उजव्या हाताच्या बोटात अडकून पडलाय. लोखंडाला कसला आलाय जीव, असं म्हणाल. म्हणा बापडे. माझं सांगून होऊ द्या, मग म्हणा.

माझं पोलाद मूळचं गिरणीतलं. सूत कातायच्या खात्यातला एक दांडा मोडला, भंगारात पडला. मल्लप्पा आधी त्याच गिरणीत फिटर होते, त्यांनी तो ओळखून घरी आणला. गिरणी सोडून त्यांनी बंदुका दुरुस्तीचा परवाना काढला होता. आसपासच्या गावचे इनामदार, मोकाशी, शिकारीचा नाद असलेले वकील, सगळे त्यांच्याकडंच येत. मल्लप्पा माणूस अबोल. त्यांच्या वाटचं बोलायचं काम त्यांच्या बायकोनं, गौरम्मानं, अंगावर घेतलेलं. घरात दोघं कानडी बोलायची. तुमच्यासाठी मी मराठीत सांगते.

एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट. माळशिरस तालुक्यातले रावजी मोकाशी दुकानात आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. घोड्यावरून पडले होते, खांदा पार निकामी झाला होता, आणि खाली रायफल सापडल्यानं तिची पेटी चेपली होती, कडं मोडलं होतं.

"मिस्त्री, हिला नवी कडी घाला," ते म्हणाले. "पण माझ्या हाताची नको. आमच्या घरातल्यांच्या हाताची पायजे."

मल्लप्पांनी कानशीवरून मान वर केली. "बाईसाहेबांच्या?"

"व्हय. त्यांचा बाप पलटणीत सुभेदार. पोरीला बरडावर नेऊन नेम शिकवला होता त्यानं. आमच्या घरात आली आन् सगळं सुटलं. आता रानडुकरं उसात शिरत्यात, माझा खांदा हा असा. काल जेवताना बोलून गेली, मी जाऊ का म्हणून. ताटातून वर बघितलं न्हाय तिनं. मला लई वाईट वाटलं ओ. इतकी वर्षं मी कधी इचारलंच न्हाय."

आतल्या दारात गौरम्मा भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. तिचा हात थांबला हे मी भट्टीशेजारून पाहिलं. मी तेव्हा नुसता तुकडा होते, पण बघायला काय लागतं?

आता माप घ्यायचं कसं? मोकाशांच्या घरात गोषा. परक्या पुरुषानं बायकांचा हात बघणंसुद्धा नको. मल्लप्पांनी डोकं खाजवलं. मग रावजींनाच सुचलं. गोषातल्या बाईचा हात हातात धरायची मुभा ज्याला असते असा एकच परका पुरुष, तो म्हणजे कासार! त्यांच्या गावचा कुंडलिक कासार बांगड्यांचा माल न्यायला सोलापूरला यायचाच. ठरलं. कुंडलिक रावजींच्या बायकोच्या, रंभाबाईंच्या, हाताचं माप घेईल आणि पुढच्या खेपेला दुकानात पोचवील.

कुंडलिकानं काम अगदी मन लावून केलं हो, त्याला दोष नाही. पण त्याची जन्माची सवय काय? हात हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात मुडपायचा, हाडं चेपायची, जेवढा लहान होईल तेवढा हात लहान करायचा, तेव्हा कुठं बांगडी चढते. बोटाचं मापही त्यानं तसंच घेतलं. रंभाबाईंचं बोट चिमटीत दाबून त्याभोवती तार घट्ट वळली. वर म्हणाला, "तुमाला दुखू दिलं न्हाय बघा, बाईसाहेब."

त्या तारेवरून मल्लप्पांनी मला घडवलं. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं, तापवलं, वळवलं, कानशीनं घासून घासून माझी कातडी गुळगुळीत केली. रायफलीच्या लाकडात मला चपखल बसवायचं तर माझ्या अंगाला काजळ फासायचं, मला लाकडाच्या खाचेत दाबायचं, काजळ जिथं उमटेल तिथलंच लाकूड खरवडायचं, अशी त्यांची रीत. त्यासाठी गौरम्माची काजळाची डबी रोज गायब व्हायची.

"अय्यो! बायकोच्या डोळ्यात घालायचं ते बंदुकीला फासताय!" ती ओरडायची. मल्लप्पा खाली मान घालून हसायचे. मग शेवटी माझ्यावर निळसर काळा रंग चढला आणि मी दिसले बाई देखणी! स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगते.

रावजी आले, रायफल घेऊन गेले. वाटेत मला स्वस्थ बसवेना. ज्या बोटासाठी जन्मले ते आता भेटणार होतं.

मोकाशांच्या माजघरात रंभाबाईंनी रायफल हातात घेतली. सावळी, उंच बाई, बोलणं कमी. रायफल खांद्याला लावली तशी तिची मान आपोआप कलली, सगळं अंग आठवल्यासारखं जागच्या जागी आलं. बोट माझ्यात घातलं. पहिलं पेर आलं, दुसरं अडकलं. चाप आणि कडं यांच्यामध्ये ते असं रुतलं की पुढं सरकेना, मागं निघेना. आत काडतूस नव्हतं म्हणून बरं! रावजींनी खोबरेल तेल आणलं, घातलं, कसंबसं बोट सुटलं. ते लालभडक झालं होतं.

रावजींना हसू आलं. "लई बारीक केली की मल्लप्पानं!"

रंभाबाई हसली नाही. तिनं रायफल भिंतीला टेकवली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "माझ्या हातनं व्हायचं न्हाय ते आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळं त्या बाईनं हात आखडता घेतला! पण रावजी हट्टी माणूस. मला पुन्हा सोलापूरला आणलं आणि मल्लप्पांपुढं ठेवलं. मल्लप्पा तारेचं माप लावून बघतात तर बरोबर! पुन्हा लावतात, तरी बरोबर. आता चूक कुठं झाली? त्यांना काही कळेना. गौरम्मा आतून आली, तिनं ती तार स्वतःच्या बोटावर चढवली आणि कपाळावर हात मारला.

"माप कुणी घेतलं? कासारानं? अहो, त्यो बांगडीचं माप घेतो! हात चेपून! बंदूक काय चेपल्या हातानं धरत्यात व्हय?"

मल्लप्पांनी तार तिच्या बोटावरून काढून भट्टीत फेकली.

"मी येते," गौरम्मा म्हणाली. "बाईच्या हाताला बाईनं हात लावला तर कुणाचं काय जातंय?"

आणि गेली की ती. रेल्वेनं, मग बैलगाडीनं, मधमाशीच्या मेणाचा गोळा पदरात बांधून. मला रायफलीतून सोडवून सोबत घेतलं होतं. माजघरात दोघी समोरासमोर बसल्या. रंभाबाईनं सवयीनं हात पुढं केला, अंगठा आत मुडपून, बोटं आवळून. बांगड्यांना द्यावा तसा.

"तसं न्हाय, अक्का," गौरम्मा म्हणाली. "मोकळा सोडा. चाप धरताय असं समजा. तुमाला पायजे तेवढी जागा घ्या."

रंभाबाईनं तिच्याकडं बघितलं. "पायजे तेवढी?"

"मग! मी काय मोजून आणलीय का जागा?"

रंभाबाईला हसू आलं आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. बोट मेणात वाकलं, अगदी सैल. त्या घरात आल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं, हे मला तिथंच उमगलं. गौरम्मानं तो मेणाचा ठसा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि त्या ठशावरून मल्लप्पांनी मला पुन्हा भट्टीत घातलं. माझं कडं फाकवलं, ठोकलं, पुन्हा घासलं. दुखलं का? दुखलं तर! पण त्या दुखण्याचा आनंद होता.

मग आले ते माझे दिवस. दिवस कलला की रंभाबाई डोक्यावरून पदर घेऊन उसाकडं निघायची. बांधावरच्या लिंबावर माळा बांधला होता, त्यावर ती बसायची. खाली रावजी, हात गळ्यात. तिचं बोट माझ्या आत येऊन थांबायचं. चापाला लागायचं नाही, नुसतं शेजारी टेकायचं. ऊब यायची. कांदा चिरल्याचा, शेणाचा, कधी हळदीचा वास यायचा त्या बोटाला. वारा सुटला की पाचोळा वाजायचा, बोट किंचित ताठ व्हायचं, मग पुन्हा सैल. मला वाटायचं, डुकरं नाही आली तरी चालतील. आपण असंच बसू.

पहिलं डुक्कर आलं तेव्हा तिनं इतका वेळ घेतला की खालून रावजी कुजबुजले, "अगं, मार की!"

"थांबा ओ," ती म्हणाली, "बोलू नका."

नवऱ्याला 'बोलू नका'! मला हसू आवरेना. मग बोट वाकलं, रायफल कडाडली, डुक्कर जागच्या जागी आडवं.

"पडलं?" तिनं विचारलं.

"पडलं की!" रावजी ओरडले. "एका गोळीत!"

त्यावर रंभाबाई जी हसली! मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. रावजी वर तोंड करून बघतच राहिले. "तुला असं हसताना मी पयल्यांदाच बघतुया," म्हणाले. दोन हिवाळे असे गेले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी जगले म्हणाल तर तेवढेच.

तिसऱ्या पावसाळ्यात रावजींना ताप भरला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, पण ताप उतरला नाही. रावजी गेले. परवाना त्यांच्या नावाचा. तो त्यांच्याबरोबर संपला. तेराव्यानंतर ठाण्याचा हवालदार रायफल न्यायला अंगणात येऊन उभा राहिला.

रंभाबाईनं दिराला, जोतीरामला, दाराआडून म्हटलं, "भाऊजी, माझ्या नावानं अर्ज करा की. ऊस तर राखायलाच पायजे न्हवं?"

"वैनी, काय बोलताय?" जोतीराम म्हणाला. "कुंकू पुसलेल्या बाईनं बंदूक घेऊन रानात बसायचं? लोकं तोंडात श्यान घालतील आमच्या. ऊस राखाया गडी ठिवू."

माणूस दुष्ट नव्हता, मी खोटं का बोलू. त्याला खरंच तसं वाटत होतं. रंभाबाईनं मला लुगड्याच्या सोग्यानं पुसलं. सावकाश, आतून बाहेरून. बोट एकदा माझ्यात घातलं आणि लगेच काढून घेतलं. मग रायफल दाराबाहेर सरकवली. तिचे हात तेवढे उंबऱ्याबाहेर आले. बांगड्यांवाचून मोकळे होते दोन्ही.

ठाण्यात मी धूळ खात पडले. पुढं जोतीरामनं रायफल मोडनिंबच्या एका व्यापाऱ्याला विकली, सिद्धलिंगप्पा शेटजींना. शेटजी प्रेमळ, पण बोट म्हणजे राजेळी केळं! माझ्यात ते शिरायलाच तयार नाही. "ही काय बाहुलीची बंदूक हाय का?" म्हणाले, आणि घेऊन आले सरळ मल्लप्पांकडं. "ही कडी काढा, माझ्या हाताची बसवा."

मल्लप्पांनी मला बघताक्षणी ओळखलं. दोन स्क्रू फिरवले, मला लाकडातून सोडवलं. रायफल नवी कडी लेवून मोडनिंबला गेली. माझं लाकूड गेलं, माझा चाप गेला, माझी नळी गेली. मी खिळ्यावर.

गौरम्माला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून तिनं नवऱ्यामागं टुमणं लावलं. "ही तिला नेऊन देऊ या."

"नुसती कडी नेऊन ती काय करणार?" मल्लप्पा म्हणाले. "दुःखावर डागण्या कशाला?"

"तिची हाय ती. तिच्या बोटाची."

कुंडलिक कासार बांगड्या न्यायला आला तेव्हा गौरम्मानं त्याच्या हाती द्यायचं म्हटलं. त्यानं मान हलवली. "त्या बाईपाशी आता माझं काम न्हाय, गौराक्का. रिकाम्या हाताच्या बाईच्या दारात कासार उभा ऱ्हात न्हाय."

शेवटी गौरम्मा स्वतःच निघाली. मला फडक्यात गुंडाळलं, पिशवीच्या तळाशी ठेवलं. तिथं अंधारात मी काय काय मनात रचलं असेल! तिची ऊब, तिचा वास. वेडीच झाले होते मी.

रंभाबाई परसात ज्वारी पाखडत होती. वाळली होती. केसांत पांढरं दिसत होतं. गौरम्माला बघून तिला आनंद झाला, पाणी आणलं, गूळ आणला. मग गौरम्मानं फडकं सोडलं.

रंभाबाई माझ्याकडं बघत राहिली. मग इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. बोट माझ्यात घातलं. तेच बोट! खरखरीत झालेलं, पण अलगद आलं, कुठं अडकलं नाही. सवयीनं ते पुढं गेलं, वाकलं, चाप शोधायला लागलं. पुन्हा वाकलं. आत काही नव्हतं, नुसती हवा. माझ्या आत असं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं.

रंभाबाईनं बोट काढून घेतलं. मला फडक्यात ठेवलं, फडक्याची टोकं नीट दुमडली आणि पुडकं गौरम्माकडं सरकवलं.

"घिऊन जावा, गौराक्का."

"अक्का, तुमच्यासाठीच आणली की मी."

"ठावं हाय. पन हितं ठिवली तर मी रोज बोट घालीन." तिनं पुडकं आणखी पुढं ढकललं. "रोज. आन् मग मला ऱ्हावायचं न्हाय ह्या घरात."

दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिल्या, आणि गौरम्माच मोठ्यानं रडली. मी फडक्यात. मला ओरडावंसं वाटत होतं, ठेव गं, कणगीत ठेव, पाट्याखाली ठेव, कुठंही ठेव! पण मी पडले कडी, मला कसली वाचा.

गौरम्मा गाडीत बसली. बैल चालायला लागले आणि मागून पावलं वाजली. रंभाबाई! भर रस्त्यात, पदर खांद्यावर, धावत आलेली. मोकाशांची सून अशी रस्त्यात कुणी पाहिली नव्हती. तिनं गाडीचं चाक धरलं.

"गौराक्का," ती धापा टाकत म्हणाली, "तिला तेल लावत जावा. गंज धरू दिऊ नगा."

एवढंच बोलली आणि मागं वळली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मल्लप्पांचा हात हल्ली थरथरतो, कानस कमी चालते. मागच्या दसऱ्याच्या सुमारास अक्कलकोटाकडचा एक हौशी माणूस आला होता. त्याला मुलासाठी नाजूक कडी हवी होती. मला बघून त्याचे डोळे चमकले. मल्लप्पांनी मला खिळ्यावरून काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात गौरम्मा आतून आली. "ती न्हाय मिळायची," म्हणाली. "तिची मालकीण हाय." आणि माझ्यावरून तेलाचं बोट फिरवून पुन्हा मला जागेवर टांगलं.

तर बाबांनो, बायांनो, माझं एक काम करा. माळशिरसाच्या बाजूला कधी गेलात, आणि मोकाशांच्या परसात ज्वारी पाखडणारी एक उंच, सावळी बाई दिसली, तर फार बोलू नका. तिला पाहुण्यांची सवय नाही. तिला एवढंच सांगा, कडीला अजून गंज नाही.